सात हजार सहाशे ऐंशी अंश

भट्टी गार होती आणि पडद्यावर आकडा होता सात हजार सहाशे ऐंशी.

भानुदासने भट्टीच्या तोंडातून खांद्यापर्यंत हात आत घातला, आतल्या विटांवर पंजा टेकवला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. "माठासारखी गार हाय, मॅडम," तो म्हणाला. "आन् हे म्हणतंय साडेसात हजार अंश."

"हात काढ आधी बाहेर," मी खेकसले.

वास्तविक त्या बिचाऱ्यावर खेकसायचं काही कारण नव्हतं. कारण बाहेर होतं. पत्र्याच्या शेडखाली दगडी ओट्यावर तिरडी ठेवलेली होती. तिच्यावरचा माणूस या भट्टीची वाट बघत होता आणि त्याच्याभोवती जमलेलं निम्मं गाव माझी वाट बघत होतं.

नीट सांगते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होते. भट्ट्यांचं तापमान सांभाळणारे बोर्ड आम्ही बनवायचो. बेकऱ्यांच्या भट्ट्या, ओतकामाच्या भट्ट्या, कधीमधी एखादी शवदाहिनी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नदीकाठी, नगरपालिकेने डिझेलवर चालणारी दाहिनी बांधली होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना ते आवडायचं नाही. दाहिनी बांधून आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत तिच्यात कुणालाही नेलेलं नव्हतं. लोक भीत होते. राख कुणाची कुणाला मिळेल, म्हणत होते. त्यात दिवाळीच्या आधी वीज पडली आणि आमचा बोर्ड जळाला. नवा बोर्ड बसवायला मला पाठवलं होतं. सकाळी जायचं, दुपारी उरकायचं, संध्याकाळच्या एसटीने परत यायचं, एवढंच काम.

पण त्याच पहाटे श्रीधरपंत शिराळकर वारले. नगरपालिकेचे निवृत्त आरोग्य निरीक्षक. दाहिनी गावात आणली ती याच गृहस्थांनी. अकरा वर्षं अर्जविनंत्या करून, सभांमधून भांडून, शेवटी मुंबईला खेटे घालून. आणि त्यांची शेवटची इच्छा अशी की आपल्याला याच दाहिनीत न्यावं. भानुदास, म्हणजे दाहिनीवरचा पालिकेचा माणूस, त्याने मला घेऊन येणारी पालिकेची जीप बघितली आणि परस्पर निरोप धाडून दिला की पुण्याहून इंजिनियर आलेत, या घेऊन. मला विचारायची गरज त्याला वाटली नाही. मी बोर्डाचे स्क्रू पिळत होते आणि खिडकीतून बघते तर नदीच्या वाटेने तिरडी येत होती.

आता त्या आकड्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भट्टीत एक मीटर असतो, तो आतली उष्णता मोजतो आणि तीन वायरींवरून आमच्या बोर्डाला कळवतो. त्या वायरी जिथे बोर्डाला जोडतात, त्याला सिरियल पोर्ट म्हणतात. त्यातून एका वेळी एकच छोटा तुकडा जातो, एका तुकड्यात दोनशे पंचावन्नपर्यंतचाच आकडा मावतो. भट्टी आठशेच्या वर तापते, म्हणून मीटर आकड्याचे दोन तुकडे करून पाठवतो, मोठा तुकडा आधी, धाकटा मागून. जुना बोर्ड ते तसेच लावून घ्यायचा. नव्या बोर्डातली चिप दुसऱ्या जातीची होती. तिला सवय होती धाकटा आधी घ्यायची. मोठ्या तुकड्यातला एक म्हणजे दोनशे छप्पन्न, त्यामुळे मीटर म्हणाला तीस आणि बोर्डाने ऐकलं तीस वेळा दोनशे छप्पन्न, म्हणजे सात हजार सहाशे ऐंशी. एवढी उष्णता म्हटल्यावर बोर्ड बर्नर पेटूच देत नव्हता. त्याचं कामच ते.

हे पुण्यातच तपासायला हवं होतं, पण तिथे आमच्याकडे खरा मीटर नव्हता. असो.

रस्त्यापलीकडे जकात नाका होता, तिथल्या फोनवरून मी पाठारे सरांना गाठलं. सर म्हणाले, अगं एवढंच ना, चिपच्या बाजूला एक खटका आहे, तो उलटव म्हणजे चिप मोठा तुकडा आधी घ्यायला लागेल, मग प्रोग्राम नव्याने बांध आणि भर, अर्ध्या तासाचं काम आहे. मी लॅपटॉप घेऊन गेलेच होते. खटका उलटवला, प्रोग्राम बांधला, भरला, बोर्ड चालू केला.

सात हजार सहाशे ऐंशी गेले. त्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या. पोर्ट मुका झाला होता. मीटर बोलत होता की नाही कळत नव्हतं, बोर्ड ऐकत होता की नाही कळत नव्हतं. आधी निदान चुकीचं काहीतरी ऐकू येत होतं.

अशा वेळी जे करतात ते सगळं मी केलं. वायरी उपसून पुन्हा लावल्या. येणारी आणि जाणारी वायर अदलाबदल करून बघितली. बोलायचा वेग दोन्हीकडे एकच आहे ना ते बघितलं, एकच होता. जाणाऱ्या वायरीवर एक बारका लाल दिवा अडकवला, बोर्ड काही बोलला तर तो लुकलुकायला हवा. दिवा काही लागेना. म्हणजे दोष मीटरचा नव्हता, वायरीचाही नव्हता. माझाच बोर्ड तोंड उघडत नव्हता.

मी हे करत असताना भानुदास शेजारी उभा राहून श्रीधरपंतांबद्दल सांगत होता. माणूस सरळ, पण भलताच तऱ्हेवाईक. गावात कुणाचं मयत झालं तर घरी जायचे, सगळं बघायचे, तिरडीबरोबर चालायचे आणि स्मशानाच्या फाटकाशी आले की मागे फिरायचे. सख्खा भाऊ गेला तेव्हाही फाटकातून मागे फिरले. लोक नावं ठेवायचे. "आन् आज बगा," भानुदास म्हणाला, "जे कुणाच्याच मातीला आलं न्हाईत, त्यांच्या मातीला गाव लोटलंय." मी म्हटलं, मला काम करू दे.

दुपार कलली तसा श्रीधरपंतांचा पुतण्या मुकुंद आत आला. पंतांना मूलबाळ नव्हतं, असं भानुदासकडून कळलं होतं, म्हणून अग्नी हाच देणार होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा, सकाळपासून उपाशी. त्याचा सूर वाईट नव्हता, पण थकलेला होता. तो म्हणाला की सकाळपासून प्रेत बाहेर आहे, भटजी निघायच्या गोष्टी करतायत, म्हातारी माणसं उन्हात बसलीयत. मी लाकडं मागवून ठेवलीयत. वाळलेली बाभूळ आहे, तासाभरात रचून होईल.

मी पुन्हा नाक्यावर गेले. पाठारे सर या खेपेला वैतागले. "वृंदा, तू तिथे शास्त्र करत बसू नकोस," ते म्हणाले. "रिलेवर एक तारेचा तुकडा टाक. मग बर्नर बोर्डाला न विचारताच पेटेल. भट्टी डोळ्यांनी चालवा. आतला रंग बघून कळतं माणसाला."

भानुदास पाठोपाठ आलाच होता. परत येईपर्यंत त्याने तारेचा तुकडा शोधून, टोकं सोलून हातात तयार ठेवला. मला सांगायला हरकत नाही, मोह झाला. तार टाकली असती तर बर्नर पेटला असता आणि नव्वद टक्के सगळं पार पडलं असतं. पण आंधळ्या भट्टीत बर्नर मध्येच विझला तर ते बाहेर कुणाला कळत नाही, आणि कळलं तरी अर्ध्यात दार उघडता येत नाही. मी ती तार त्याच्या हातातून घेतली आणि खिडकीतून फेकून दिली. तो बाहेर जाऊन मुकुंदला सांगून आला.

तासाभराने बाहेर गलका झाला. बायका स्मशानात येत नाहीत, आणि इथे एक बाई येत होती. साधं लुगडं, पांढरे केस, पायात चपला नाहीत, एकटीच नदीच्या वाटेने चालत येत होती. कुणीतरी पुढे होऊन म्हणालं, वहिनी, तुम्ही कशाला आलात, बायकांनी इथे यायचं नसतं. तिने न थांबता माझ्या खिडकीकडे बोट केलं. "आत बसलीय ती कोण आहे मग?" ती म्हणाली आणि सरळ कंट्रोलच्या खोलीत आली. ती श्रीधरपंतांची बायको, मनोरमाबाई.

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याचंच मला आधी विचित्र वाटलं. तिने भानुदासला पाणी आणायला पाठवलं, दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"नाव काय तुझं?"

"वृंदा."

"वृंदा, मला खरं सांग. मुकुंदाने घरी निरोप धाडला, एक तार जोडली की चालू होईल, पण ती पोरगी अडून बसलीय. तार जोडली तर चालेल का?"

"बहुतेक चालेल."

"बहुतेक म्हणजे?"

"पेटेल. पण मध्येच विझली तर कळायचं नाही. दार उघडता येणार नाही."

तिने डोळे मिटले. "मध्ये थांबून चालणार नाही," ती म्हणाली. "काय वाटेल ते होऊ दे, मध्ये थांबून चालणार नाही."

मी मुळात तोंडाळ. त्यात सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, काकू, मग लाकडावर करा की. लाकडं चांगली वाळलेली आहेत, थंडीचे दिवस आहेत, पाऊस नाही, वारा नाही. त्यात वाईट काय आहे? कशाला या मशीनचा हट्ट?

तिने स्टूल जरा पुढे ओढलं. सांगावं की नाही याचा विचार करत असावी. मग तिने सांगितलं, एका सुरात, न थांबता.

"आम्हाला एक मुलगी होती. तेरा वर्षांची झाली होती. कावीळ झाली, चार दिवसांत गेली. श्रावण होता, आठ दिवस पाऊस खंडला नव्हता. सगळं सरपण भिजलेलं. हे म्हणाले, मी बघतो. रात्री घरी आले, म्हणाले, झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गेले, म्हणाले, ऑफिसचं काम आहे. तिसऱ्या दिवशीही तसेच गेले. मला वाटलं, घरात बसवत नसेल. कपड्यांना रॉकेलचा वास यायचा, पण फवारणीचं काम त्यांच्याकडे असायचंच, म्हणून मी काही विचारलं नाही."

तिने पदराने ओठ पुसले.

"रिटायर झाले त्या दिवशी सांगितलं मला. इतकी वर्षं पोटात ठेवलं. म्हणाले, पेटतच नव्हतं गं. पेटायचं आणि विझायचं. तीन दिवस मी तिथे कुत्री हाकलत बसलो होतो."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"गावाला सांगितलं, झाडं वाचतील," ती म्हणाली. "झाडाबिडांचं काही नव्हतं. परत कुठल्या बापाला तसं बसायला लागू नये, एवढंच होतं त्यांच्या मनात. लाकडं रचलेली त्यांना बघवत नव्हती. फाटकातून मागे फिरायचे ते त्यामुळेच. मला म्हणाले, माझं लाकडावर करू नकोस. मी शब्द दिलाय. आणि आता हे तुझं यंत्र मध्येच थांबलं, तर मी त्यांना तिच्यासारखंच टाकून जाते की नाही?"

खरं सांगू? मला त्या बाईचा राग आला. एवढं ओझं तिने माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि स्वतः हात मांडीवर घेऊन बसली. मी एक साधी नोकरदार मुलगी. पण रागाखाली दुसरंही काहीतरी होतं. माझे वडील मला दिसत होते, पावसात, काठी घेऊन बसलेले.

"मला वेळ द्या," मी म्हटलं.

ती उठली, दार उघडलं आणि तिथूनच मुकुंदाला हाक मारली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की दिवस टेकेपर्यंत थांबायचं. तोवर हे चालू झालं तर इथे, नाही झालं तर तुझ्या लाकडावर, मी आडवी येणार नाही. मुकुंद मान हलवून लाकडांकडे वळला. बाहेर ट्रॅक्टरमधून लाकडं उतरवल्याचा आवाज येत होता. एकेक ओंडका खाली पडायचा आणि ती दर वेळी डोळे मिटायची. ती परत येऊन त्याच स्टुलावर बसली.

मी सगळं बाजूला सारलं आणि पहिल्यापासून विचार करायला लागले. वायरी त्याच, वेग तोच, मीटर तोच. मी बदललं काय? फक्त क्रम. खटका उलटवला, म्हणजे चिप आकडे उलट्या बाजूने लावायला लागली. ते तर मला मीटरच्या आकड्यासाठी हवंच होतं. पण चिप नुसता मीटरचा आकडा उलटा लावत नव्हती. ती प्रत्येकच गोष्ट उलटी लावत होती. पोर्टकडे माल पोचवतानासुद्धा.

"काय झालं?" मनोरमाबाईंनी विचारलं. माझा चेहरा बदलला असावा.

मी तिला सांगायला लागले, खरं तर स्वतःलाच सांगत होते. म्हटलं, काकू, हे बघा, चिप पोर्टकडे काही पाठवते ते जेवणाचा असतो तशा चार पुडांच्या डब्यात घालून पाठवते. पोर्ट त्यातलं एकच पूड उघडतो, बाकीची तीन बघतही नाही. आजवर आपण सगळं पहिल्या पुडात भरत होतो आणि पोर्ट पहिलंच पूड उघडत होता. आता मी खटका उलटवला. डबा उलटा झाला. पोर्ट आता दुसरंच कुठलं तरी पूड उघडतोय, आणि मी वेडी अजून पहिल्यातच भरतेय. त्याला दर वेळी रिकामं पूड मिळतंय.

"मग कुठलं उघडतोय ते बघ की," ती म्हणाली. एवढं सगळं ऐकून दुसरं काय म्हणणार.

मी चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. चारही पुडांत एकच अक्षर भरायचं आणि पाठवत राहायचं. चिपमध्ये भरला, बोर्ड चालू केला आणि वायरीवरच्या लाल दिव्याकडे बघितलं. दिवा लुकलुकत होता.

मला हसू आलं. मग एकेक पूड रिकामं करत गेले. पहिलं काढलं, दिवा चालू. दुसरं काढलं, चालू. तिसरं काढलं, तरी चालू. चौथं काढलं आणि दिवा गेला. शेवटचं पूड. खरा प्रोग्राम उघडून पोर्टशी बोलायची प्रत्येक जागा मी चौथ्या पुडाकडे वळवली, बोलायची आणि ऐकायचीही. घाई करायची नाही, असं स्वतःला बजावत होते, कारण एक जागा सुटली असती तर तीच मध्ये दगा देणार होती. दोनदा तपासलं. सूर्य पलीकडच्या काठावरच्या उसाला टेकायला वीतभर राहिला होता.

बोर्ड चालू केला. पडद्यावर आलं, एकतीस.

भानुदासने पुन्हा भट्टीत हात घालायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, आता नको, आता पेटवायचीय.

बर्नर पेटला तेव्हा खोलीची काच थरथरली. आकडा चढायला लागला. साठ, नव्वद, दीडशे. बाहेर कुणीतरी धूर दिसला म्हणून ओरडलं आणि लाकडं रचणारे हात थांबले. दोनशे झाले तशी मी श्वास धरून उभी राहिले. दोनशे पंचावन्नपर्यंत सगळा आकडा धाकट्या तुकड्यातच मावतो, मोठा तुकडा रिकामाच असतो. खरी परीक्षा त्याच्या पुढे होती. मोठा तुकडा मी नीट लावला नसेल तर पुढचा आकडा भलतंच काहीतरी दाखवणार होता.

दोनशे त्रेपन्न. चोपन्न. पंचावन्न.

मनोरमाबाईंनी माझ्या हाताला धरलं होतं. का धरलं ते तिला माहीत नव्हतं, मी काही सांगितलेलं नव्हतं.

दोनशे छप्पन्न. सत्तावन्न.

"आता थांबत नाही," मी म्हटलं.

साडेसहाशेला दार उघडायचं असतं. सूर्य उसात शिरला होता, पण तांबूस कड अजून वर होती. भटजींनी ती बघितली आणि चला म्हणाले. मुकुंदने मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या घातल्या, मडकं मागे टाकलं, छातीवर कापूर ठेवून पेटवला. ट्रॉली आत गेली. दार खाली आलं. लाकडांचा ढीग तसाच एका बाजूला पडला होता आणि मनोरमाबाईंनी तिकडे पाठ केली होती.

मग एक अडचण झाली जी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आपल्याकडे कवटी फुटल्याचा आवाज आला की लोक उठतात, त्याआधी निघत नाहीत. पण दार बंद, विटा जाड, बर्नरचा आवाज चालू. आत काय चाललंय ते बाहेर कुणाला ऐकू येणार? सगळे नुसते उभे. एक म्हातारे गृहस्थ, पंतांच्या बरोबरीचे असावेत, खिडकीशी आले. जरा संकोचाने म्हणाले, "बाई, आवाज कसा कळायचा?"

"आवाज कळायचा नाही, आजोबा."

"मग आम्ही निघायचं कधी?"

मी म्हटलं, झालं की मी सांगेन. त्यांनी मान हलवली आणि बाकीच्यांना जाऊन सांगितलं, त्या बाई सांगतील. आयुष्यात ज्या जागी मला येऊ दिलं नसतं, तिथे एवढी सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम.

मनोरमाबाईंनी मला आकडे मोठ्याने वाचायला सांगितले. मी वाचत राहिले. सातशे चाळीस. सातशे नव्वद. आठशे दहा. आठशे बारा. आठशे दहा. प्रत्येक आकड्याला ती "हं" म्हणायची. भानुदासही कुठे न जाता दाराशी उभा होता. मध्ये एकदा माझा घसा बसला, तेव्हा त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

बाहेर कंदील लागले तेव्हा बर्नर आपोआप बंद झाला आणि आकडा हळूहळू उतरायला लागला. मी झडपेच्या काचेतून आत बघितलं. नीट बघितलं, घाई केली नाही. मग बाहेर जाऊन त्या आजोबांना सांगितलं की झालं. लोक उठले, नदीकडे आंघोळीला गेले, मागे न बघता. मुकुंद जाता जाता माझ्यासमोर थांबला आणि हात जोडून गेला.

मी आत आले. मनोरमाबाई पडद्यासमोर तशाच बसल्या होत्या.

"मध्ये थांबलं होतं का गं?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, काकू. मी सारखी बघत होते."

"आत काही राहिलंय?"

"काही नाही राहिलं. सगळं झालं."

तिने मान डोलावली. पदर सारखा केला, स्टूल मागे सरकवलं आणि जमिनीवर बसली. "मग आता मी रडते," ती म्हणाली, घरात आता देवापुढे दिवा लावते म्हणावं तितक्या साधेपणाने. "सकाळपासून थांबवून धरलंय. तू दार लोटून घे."

मी दार लोटलं आणि तिच्याजवळ खाली बसले. तिने तोंडावर पदर घेतला आणि रडायला लागली, मोठ्याने, आडवीउभी हलत. मला वाटलं होतं नवऱ्यासाठी रडेल. मुलीचं नाव तिने मला दुपारी सांगितलं नव्हतं. ते मला तेव्हा कळलं.

"नंदे," ती म्हणत होती, "नंदे, बाबांचं नीट झालं गं."